जिंजी आधीच घ्यावी लागते

बंगळूरहून विमानतळाकडे निघालेली गाडी हेब्बाळच्या उड्डाणपुलावर हमखास अडकते. त्या कोंडीत घड्याळाकडे बघत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की जवळच कोडिगेहळ्ळीच्या टाटानगर भागात देशातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा आणि एक छायाचित्र जपून ठेवलेलं आहे. 'आधार संकुल' हे त्या जागेचं सरकारी नाव. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र आणि त्याचं डेटा सेंटर इथे आहे.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारचा खटला चालू होता. तेव्हाचे ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी घटनापीठाला सांगितलं, की ही माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. समाजमाध्यमांवर त्या भिंतीची यथेच्छ टिंगल झाली. तारेवरून येणाऱ्या चोराला भिंतीचं काय, असा लोकांचा सवाल होता. पण चोराचा विषय बाजूला ठेवला तरी आणखी एक प्रश्न उरतोच. भिंतीच्या आतच आग लागली तर? शहराची वीज दोन दिवस गेली तर? रस्ता खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली तर? या प्रश्नांचं उत्तर भिंतीत सापडत नाही. ते हरयाणात, गुरुग्रामजवळच्या मानेसरला आहे. प्राधिकरणाचं दुसरं डेटा सेंटर तिथे आहे. हेब्बाळपासून सरळ रेषेत ते सुमारे १,७०० किलोमीटर दूर आहे.

एक मुख्य, दुसरं राखीव, आणि दोघांमध्ये पुरेसं अंतर. बँका, शेअर बाजार, रेल्वे, इस्रो, सगळ्यांनी आपापल्या परीने ही जोडी बांधली आहे. संगणकवाल्यांच्या बोलीत तिला 'डीसी-डीआर' म्हणतात: डेटा सेंटर आणि डिझास्टर रिकव्हरी. 'आमचा डीआर आहे,' असं बैठकीत ठणकावून सांगितलं की वरिष्ठांचं समाधान होतं. प्रत्यक्षात मात्र डीआर असणं आणि वेळ आली तेव्हा तो चालणं यांत फार मोठी दरी आहे. ती दरी यंत्रांपेक्षा माणसांच्या कारभाराने पडलेली असते.

अंतर कशासाठी

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दख्खनच्या जुन्या आणि स्थिर खडकावर बसलेलं शहर आहे. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात ते सर्वांत कमी धोक्याच्या दुसऱ्या विभागात येतं. समुद्र दूर, म्हणजे चक्रीवादळाची भीती कमी. हवा मवाळ, म्हणजे यंत्रं थंड ठेवण्याचा खर्च कमी. याउलट दिल्ली-गुरुग्रामचा परिसर चौथ्या, जास्त धोक्याच्या विभागात. मग राखीव केंद्र तिकडे कशाला? कारण दोन्ही जागा निर्धोक असाव्यात अशी अट कुणालाच पाळता येत नाही. पाळता येते ती एवढीच, की एकाच संकटाने दोन्ही जागा एकदम जाऊ नयेत. हिमालयाच्या पायथ्याचा भूकंप बंगळूरपर्यंत पोचत नाही आणि कावेरीचा दुष्काळ मानेसरला जाणवत नाही.

बंगळूरला हा धडा निसर्गाआधी राजकारणाने शिकवला. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, भारत आणि पाकिस्तानचं सैन्य सीमेवर उभं राहिलं आणि ३१ मे २००२ रोजी अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या परदेशी ग्राहकांनी तेव्हा थेट विचारायला सुरुवात केली: उद्या युद्ध झालं तर आमचं काम कोण करणार? बंगळूर, पुणे, चेन्नई अशी तीन ठिकाणं दाखवून हा प्रश्न सुटत नव्हता, कारण संकट शहराचं नव्हतं, देशाचं होतं. त्या सुमारास इन्फोसिसने आपलं आपत्कालीन केंद्र मॉरिशसमध्ये उभारायला घेतलं. किती दूर जायचं, हे आपण कोणत्या संकटाला भितो त्यावर ठरतं.

निसर्गाची पाळी २०२२ च्या सप्टेंबरात आली. ४ आणि ५ तारखेच्या पावसाने आउटर रिंग रोड आणि बेळ्ळंदूरचा परिसर तलाव झाला. संगणक अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरीला गेले, त्यांची छायाचित्रं जगभर छापून आली. त्याच पावसात एक कमी छायाचित्रांची घटना घडली. मंड्या जिल्ह्यात टी. के. हळ्ळी इथे कावेरीचं पाणी बंगळूरकडे उपसून चढवणारं केंद्र आहे. त्या पंपघरातच पुराचं पाणी शिरलं आणि बुडालेल्या शहराचे नळ कोरडे पडले. शहराच्या दोन टोकांना दोन डेटा सेंटरं बांधली तरी दोन्हींचं पाणी एकाच पंपघरातून येत असेल, तर कागदावरचे दोन प्रत्यक्षात एकच असतात. अशी लपलेली सामाईक नाळ शोधणं हे राखीव केंद्राच्या तयारीतलं पहिलं काम. वीज एकाच उपकेंद्रातून येते का? दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरातून जातात का? डिझेल देणारा एकच आहे का?

प्रकाशाचा वेग आड येतो

अंतर हवं, तर मग जितकं दूर तितकं चांगलं असं का नाही? इथे भौतिकशास्त्र मध्ये पडतं.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हेब्बाळ ते मानेसर १,७०० किलोमीटर जाऊन परत यायला त्याला निदान १७ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेने वळसे घेत जाते, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. आपल्याला हे डोळ्याचं पातं लवण्याहून कमी वाटेल. पण समजा, खातेवहीतली प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय 'झाली' म्हणायचं नाही असा नियम केला, तर एकाच खात्यावर एकापाठोपाठ एक अशा सेकंदाला साठ नोंदीसुद्धा होणार नाहीत. शेअर बाजारात तेवढ्या वेळात हजारो ऑर्डरी येऊन पडतात.

म्हणून वाटा दोन. पहिल्या वाटेने दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे जायचं. यात एक अक्षरही हरवत नाही, पण ती साधारण शंभर किलोमीटरच्या आतच परवडते. दुसऱ्या वाटेने मुख्य केंद्राने लिहून मोकळं व्हायचं आणि राखीव केंद्राने मागून येत राहायचं. या मागे राहण्याला 'लॅग' म्हणतात. मुख्य केंद्र ज्या क्षणी कोसळेल त्या क्षणी लॅग जितका असेल तितका मजकूर गेला. मोठ्या संस्था दोन्ही वाटा एकत्र वापरतात. त्याच शहरात एक जवळचं केंद्र, तिथे अक्षर न अक्षर ताबडतोब पोचतं. आणि दूर एक राखीव केंद्र, ते काही क्षण मागे असलं तरी चालतं. बाजारांची नियामक संस्था असलेल्या सेबीने मार्च २०२१ च्या परिपत्रकात शेअर बाजारांना नेमकी हीच रचना घालून दिली. राखीव केंद्र वेगळ्या भूकंप विभागात असावं, ते अडचणीचं असेल तर निदान ५०० किलोमीटर दूर असावं, आणि मजकूर शून्य हरवावा म्हणून एक जवळचं केंद्रही असावं.

आधारचं काम या बाबतीत थोडं सुदैवी आहे. त्यातला मोठा भाग पडताळणीचा, म्हणजे वाचण्याचा. 'हा अंगठा या क्रमांकाचा आहे का?' असा प्रश्न येतो आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच जातं. मूळ नोंदीत त्याने काही बदलत नाही, त्यामुळे तीच प्रत दोन ठिकाणी असली की कुठल्याही ठिकाणाहून उत्तर देता येतं. नवी नोंदणी मात्र लिहिण्याचं काम. नव्या माणसाचे ठसे आणि बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहायची, तो आधीच दुसऱ्या नावाने आलेला नाही ना याची खात्री करायची, मगच क्रमांक द्यायचा. हे काम दोन ठिकाणी एकमेकांना न विचारता चालू लागलं तर एकाच माणसाला दोन क्रमांक मिळण्याची वाट मोकळी होते. राखीव केंद्राची तयारी करणाऱ्याने म्हणून आधी कामाची वाटणी करायची असते: कुठलं काम दोन्हीकडे एकदम चालू शकतं आणि कुठल्या कामाला एका वेळी एकच धनी लागतो.

रायगडावरचा सल्ला

एका वेळी एकच धनी, आणि तो नसला तर दुसरीकडे कारभार चालू: हा पेच मराठी माणसाने तीनशे वर्षांपूर्वी सोडवलेला आहे.

दक्षिण दिग्विजयात १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंजीचा किल्ला घेतला आणि तो नव्याने बळकट केला. रायगडापासून शेकडो कोस दूर, आजच्या तमिळनाडूत. उत्तरेकडून मोठं आक्रमण आलं तर मागे हटायला जागा हवी, हा त्यामागचा हेतू होता असं इतिहासकार मानतात. बारा वर्षांनी ती वेळ आली. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला वेढा पडला. येसूबाईंनी गडावर जो सल्ला दिला तो आजच्या कुठल्याही आपत्ती नियोजनाच्या पुस्तकात पहिल्या पानावर घालावा: सगळ्यांनी एकाच गडावर राहू नये, राजारामांनी बाहेर पडावं. राजाराम महाराज निघाले. प्रतापगड, पन्हाळा करत वेषांतर करून दक्षिणेकडे गेले. बखरींतून येणाऱ्या हकिकतीप्रमाणे बंगळुरातच त्यांच्यावर संशय आला. एका यात्रेकरूचे पाय इतर यात्रेकरू धुतात हे कुणाच्या तरी नजरेत भरलं. मागे राहिलेल्या खंडो बल्लाळ आदी मंडळींनी मार खाल्ला पण नाव सांगितलं नाही, आणि राजा निसटला. नोव्हेंबर १६८९ च्या सुरुवातीला ते जिंजीला पोचले. त्याच सुमारास रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती लागले. राजधानी गेली तरी राज्य चालू राहिलं. जिंजीने पुढे आठ वर्षांच्या आसपास वेढा सोसला आणि १६९८ मध्ये ती पडली तेव्हा राजाराम तिथून निसटलेले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत जिंजीही आहे.

या कथेतला किल्ल्याचा भाग सगळ्यांना आठवतो. त्याहून मोलाचा भाग कारभाराचा आहे. जिंजीहून महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसंगाला हुकूम पाठवणं शक्य नव्हतं. निरोप पोचेपर्यंत गड पडून जाई. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन इकडचे सर्वाधिकार दिले. विचारायला न जाता निर्णय घेण्याची मुभा आधीच, लेखी, एका नावावर दिलेली होती. आजच्या बहुतेक राखीव केंद्रांत नेमकी हीच गोष्ट नसते.

दोन खिडक्या

राखीव केंद्र तयार करण्याचं रोजचं काम कंटाळवाणं असतं, आणि धोका त्या कंटाळ्यातच दबा धरून बसलेला असतो.

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा राखीव डेटाबेस मुख्य डेटाबेसच्या फार मागे पडला. लॅग इतका वाढला की राखीव प्रत पुसून नव्याने भरायचं ठरलं. थकलेल्या अभियंत्यासमोर पडद्यावर दोन खिडक्या होत्या. एकीत पहिला सर्व्हर, दुसरीत दुसरा, नावांत फरक फक्त एका आकड्याचा. पुसण्याचा हुकूम त्याने चुकून मुख्य सर्व्हरच्या खिडकीत दिला. एक-दोन सेकंदांत ध्यानात आलं, हुकूम थांबवला; तोवर सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअपांची शोधाशोध सुरू झाली. रोज रात्री निघणारी प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती, कारण ती काढणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. ते बिघडल्याची सूचना देणारी ईमेल पोचतच नव्हती. दूरच्या साठवणीत पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. शेवटी सुदैवाने कुणी तरी सहा तासांपूर्वी चाचणीसाठी काढून ठेवलेली एक प्रत सापडली आणि सहा तासांचं काम गमावून कंपनी वाचली. तिने ही सगळी दुरुस्ती इंटरनेटवरून थेट प्रक्षेपित केली, हा मोकळेपणा आपल्याकडच्या संस्थांनी गिरवण्यासारखा आहे.

राखीव प्रत होती, बॅकअपही होते. ते चालतात का, हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून जाणत्या संस्थांत 'डीआर ड्रिल' असते. बहुतेक वेळा शनिवारी रात्री. पायऱ्यापायऱ्यांची यादी समोर ठेवलेली असते, तिला रनबुक म्हणतात. आधी मुख्य केंद्रावर लिहिणं थांबवायचं. लॅग शून्यावर आला का, ते पाहायचं. राखीव डेटाबेसला 'आता तू मुख्य' असं सांगायचं. मग वाहतूक तिकडे वळवायची. यादी साधी दिसते, पण प्रत्येक ड्रिलमध्ये काही ना काही निघतं. नवी सेवा सुरू करताना तिच्यासाठीचा फायरवॉलचा नियम मुख्य केंद्रावर घातला, राखीव केंद्रावर घालायचा राहिला. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत इकडे वाढवली, तिकडची संपून गेली. कुठल्या तरी जुन्या प्रोग्रामात मुख्य केंद्राचा पत्ता थेट आकड्यांत लिहून ठेवलेला आहे, तो राखीव केंद्रात बसूनही मुख्य केंद्राचंच दार ठोठावत राहतो. रात्री ठरल्या वेळी एसएमएस पाठवणारा प्रोग्राम दोन्हीकडे जागा होतो आणि ग्राहकाला हप्त्याची आठवण दोनदा जाते. आणि सगळ्यात वरचढ: रनबुक ज्या सर्व्हरवर ठेवलं आहे तो सर्व्हर मुख्य केंद्रात आहे. म्हणून शहाणी माणसं त्याची छापील प्रत टेबलाच्या खणात ठेवतात.

जाण्याइतकंच परतणं कठीण. राखीव केंद्राने दोन दिवस कारभार केला की खरी वही तिथली होते, आणि मुख्य केंद्र हे जुनं, शिळं. घाईने परत फिरवलं तर त्या दोन दिवसांचं काम पुसलं जातं. त्यामुळे ड्रिल अर्ध्यावर सोडून चालत नाही, परतीचा प्रवासही रनबुकात लागतो.

ड्रिलचीच नव्हे, प्रतीचीच टाळाटाळ केली तर काय होतं ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात दिसलं. देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवण्याची 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण, ८५८ टेराबाइट, जळून गेली. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. साठवण फार मोठी असल्याने बाहेर प्रत ठेवलेली नाही, हे तिथल्या सरकारचं स्पष्टीकरण.

हुकूम कोणाचा

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या तुटल्या आणि त्यापाठोपाठ जवळच्या केंद्राशी बांधलेली साठवणूक यंत्रणा अडकली. जोखीम मोजणारी प्रणाली बंद झाली. दूरचं राखीव केंद्र सुस्थितीत होतं. तरी बाजार तिकडे हलवला नाही. मुख्य यंत्रणा दुरुस्त होण्याची वाट पाहिली गेली आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, त्या दिवसापुरते पाच वाजेपर्यंत.

यातला पेच यंत्राचा नव्हता. राखीव केंद्रावर गेलं की मागे राहिलेला मजकूर जुळवावा लागतो, दलालांना सांगावं लागतं, परत यायचं कसं ते ठरवावं लागतं. उलट अर्ध्या तासात दुरुस्त होईल अशी आशा सतत समोर असते. आशा आणि जबाबदारी यांच्या कात्रीत अर्धा तास चार तासांचा होतो. सेबीने महिनाभरात काढलेल्या परिपत्रकात हाच निर्णय माणसाच्या मनःस्थितीतून काढून घड्याळाच्या हाती दिला. महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रातून काम सुरू करायचं. हरवलेला मजकूर पंधरा मिनिटांहून जास्त नसावा. राखीव केंद्रावरची माणसं मुख्य केंद्रावरच्यांइतकीच जाणकार हवीत. आणि सहा महिन्यांतून निदान सलग दोन दिवस, कामाच्या दिवशी, खरे व्यवहार तिथूनच चालवायचे. पुढे २ मार्च २०२४ च्या शनिवारी राष्ट्रीय शेअर बाजाराने वेगळाच प्रयोग केला: सकाळी ९.१५ ते १० मुख्य केंद्रातून व्यवहार, मग बाजार बंद करून स्थलांतर, आणि साडेअकरा ते साडेबारा राखीव केंद्रातून. लाखो लोकांच्या खऱ्या पैशांनिशी केलेली ही ड्रिल होती.

मग माणसाला बाजूला सारून निर्णय यंत्रावरच सोपवला तर? तेही करून पाहिलेलं आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कंपनीत एक उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राची जोडणी ४३ सेकंद तुटली. देखरेख करणाऱ्या प्रोग्रामने लगेच ठरवलं की पूर्व गेली, आणि पश्चिम किनाऱ्याला मुख्य केलं. पूर्व गेलेली नव्हती. तिने त्या काही सेकंदांत लिहिलेलं पश्चिमेकडे नव्हतं, पश्चिमेने नंतर लिहिलेलं पूर्वेकडे नव्हतं. एका राज्याचे दोन राजे झाले. ते जुळवून सेवा पूर्वपदावर यायला २४ तास ११ मिनिटं लागली. म्हणून आता बहुतेक ठिकाणी तिसऱ्या जागी एक साक्षीदार ठेवतात. दोघांचं बोलणं तुटलं तर ज्याच्या बाजूने साक्षीदार, तो मुख्य. दुसऱ्याने गप्प बसायचं.

निर्णय आधी लिहून ठेवण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण बंगळुरातच सापडतं. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा पीण्याच्या इस्ट्रॅक या इस्रोच्या केंद्रातून त्याला क्षणोक्षणी हुकूम देणं शक्यच नव्हतं. निरोप एका बाजूने जायलाच बारा मिनिटांहून अधिक लागत. म्हणून सगळे हुकूम काही दिवस आधीच यानात भरून ठेवले होते. मुख्य इंजिन पेटलं नाही तर आठ छोट्या इंजिनांनी काय करायचं, तेही त्यात होतं. त्या क्षणी बंगळुरात कुणालाच काही ठरवायचं नव्हतं. ठरवून झालेलं होतं.

तीन घड्याळं, एकच दोष

इस्रो ही तशी राखीवपणाची शाळाच. भूस्थिर उपग्रहांचं नियंत्रण हासनहून होतं, तिथलं मुख्य नियंत्रण केंद्र १९८२ पासूनचं. त्याला जोड म्हणून २००५ मध्ये भोपाळला दुसरं केंद्र उभं राहिलं. दिशादर्शनाच्या उपग्रहांसाठी बंगळूरजवळच्या ब्यालाळूत एक केंद्र, लखनौला दुसरं. जमिनीवरची जोडी अशी चोख. पण त्याच दिशादर्शनाच्या मालिकेत इस्रोला एक महागडा धडा मिळाला.

जुलै २०१३ मध्ये गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहात रुबिडियमची तीन अणुघड्याळं होती. एक चालतं, बाकीची राखीव. घड्याळ चुकलं की उपग्रहाने सांगितलेली जागा चुकते, म्हणून ही काळजी. एकामागून एक तिन्ही बंद पडली. तिन्ही एकाच परदेशी कंपनीची, एकाच घडणीची होती. जानेवारी २०१७ मध्ये ही गोष्ट बाहेर आली, त्याच महिन्यात युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतलीही त्याच कंपनीची घड्याळं बंद पडत असल्याचं जाहीर झालं. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उडाला, पण उष्णतारोधक कवच सुटलंच नाही आणि तो वाया गेला; पुढचा एप्रिल २०१८ मध्ये कक्षेत पोचला. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये स्वदेशी घड्याळ बसवलं गेलं. एकाच साच्यातल्या तीन वस्तू हे तीन राखीव नव्हेत. साच्यात खोट असेल तर तिन्हींत ती असते.

१९ जुलै २०२४ ला हेच जगाने अनुभवलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. बंगळूर विमानतळावरही अनेक कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. अशा वेळी मुख्य आणि राखीव केंद्र हजार किलोमीटर दूर असून उपयोग काय, दोन्हीकडे तेच अपडेट त्याच मिनिटाला पोचलेलं असतं. त्यामुळे आता अंतर किलोमीटरबरोबर वेळेतही ठेवतात: राखीव केंद्रावर नवी आवृत्ती काही दिवस उशिराने चढवायची.

साखळीची शेवटची कडी

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. एप्रिल २०२५ अखेर आधारच्या पडताळण्यांची एकूण संख्या १५ हजार कोटींच्या पुढे गेली. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा टेकला की ती विनंती मोबाइलच्या जाळ्यातून राज्याच्या यंत्रणेकडे, तिथून खास राखलेल्या वाहिनीवरून हेब्बाळ किंवा मानेसरच्या केंद्राकडे जाते, आणि काही सेकंदांत उत्तर येतं. या वाटेवर केंद्रं दोन आहेत, वाहिन्या एकाहून अधिक आहेत. दुकानापाशी मात्र यंत्र एक, सिमकार्ड एक, मोबाइलचा मनोरा एक. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तो एकही मनोरा कधी पोचतो, कधी नाही. आणि जन्मभर खुरपं, कुऱ्हाड चालवलेल्या हाताचा अंगठा झिजलेला असतो, त्याला दुसरी प्रत नाही.

२०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधार न जोडल्याने रेशनकार्ड रद्द झालं आणि घरात धान्य नव्हतं, असं कुटुंबाचं म्हणणं; मृत्यू मलेरियाने झाला, असं प्रशासनाचं. त्या गदारोळानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने आणि प्राधिकरणाने राज्यांना लेखी बजावलं: पडताळणी झाली नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारायचं नाही, अशा वेळी दुकानातल्या वेगळ्या वहीत नोंद करून धान्य द्यायचं.

म्हणजे या व्यवस्थेचं तिसरं राखीव केंद्र कागदावरची वही आहे. तिला वीज लागत नाही, लॅग नाही, परवान्याची मुदत नाही. तिच्यात उणीव आहे ती हुकमाची. बाजाराच्या माणसाला तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार आणि बंधन दोन्ही दिलेलं आहे. दुकानदाराला वही उघडताना वाटतं, उद्या तपासणीत हिशेब मलाच द्यावा लागेल. त्यापेक्षा 'नेटवर्क नाही, उद्या या' हे सोपं. रामचंद्रपंतांना जसा लेखी अधिकार होता तसा त्याला हवा: यंत्राने किती वेळा नकार दिल्यावर वही उघडायची, ते आकड्यात लिहिलेलं, आणि उघडल्याबद्दल त्याच्याकडे संशयाने बघितलं जाणार नाही याची हमी.

आणि ड्रिल हवी. वर्षातून एक दिवस तालुक्यातल्या सगळ्या दुकानांत यंत्र मुद्दाम बंद ठेवावं आणि धान्य वहीवर वाटावं. संध्याकाळी मोजावं, नेहमी येणाऱ्या किती जणांना मिळालं आणि किती जण हात हलवत परत गेले. हेब्बाळ आणि मानेसर या जोडीवर आपण केलेला खर्च शेवटच्या माणसापर्यंत पोचला की नाही, हे त्या आकड्यावरून कळेल.